तात्यांनी गाळलेलं नाव

तात्यांचा फोन बंद लागला तेव्हा अकराला दहा कमी होते. ते मुंबईत, विधान भवनात. मी वडूजच्या संपर्क कार्यालयात, ऑपरेशन झालेला गुडघा स्टुलावर ठेवून. समोरच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. पुढच्या तासाभरात तिची नोकरी जाण्याची वेळ आली होती, आणि त्याला कारण माझी एक चूक.

तात्या आमचे आमदार, विधान परिषदेचे. परिषद म्हणजे वरचं सभागृह. गावात अजून विचारतात, ‘तिथं तात्या करत्यात काय?’ मी सांगते, बोलतात. तिथे बोललेला शब्द न् शब्द लिहून घेतात आणि तो कायमचा छापला जातो. मी त्यांची स्वीय सहायक, म्हणजे पीए. त्याआधी साताऱ्याला जिल्हा परिषदेत स्टेनो होते. रिटायर झाल्यावर घरी बसून नातवंडांचे डबे भरायचे नव्हते, म्हणून हे काम धरलं.

मुलीचं नाव मी लिहिणार नाही. गावाचंही नाही. म्हसवडच्या अलीकडचं एक गाव, एवढं पुरे. तिथे जनावरांचा सरकारी दवाखाना आहे. स्टाफ तिघांचा. डॉक्टर, जखमा बांधणारा ड्रेसर आणि झाडलोटीपासून लसीच्या बाटल्या मोजण्यापर्यंत सगळं करणारी ही मुलगी. ही कंत्राटी. कंत्राटी म्हणजे हातात ऑर्डर नाही, तक्रार करायला जागा नाही. ठेकेदाराने फोनवर ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं की संपलं. घरी सासू आणि दोन मुलं. नवरा पुण्याला असतो, असं ती सांगायची. पुढचं मी विचारलं नाही.

पावसाच्या तोंडावर मेंढ्यांना लस देतात. लस फ्रीजमध्ये ठेवावी लागते, दोन ते आठ डिग्रीच्या मध्ये. गरम झाली की ती नुसतं पाणी. त्या दवाखान्यातला फ्रीज उन्हाळ्यात बंद पडला. डॉक्टर म्हणाले, चालतंय. तीच लस त्यांनी कळपांना टोचली आणि सरकारी रजिस्टरमध्ये चार डिग्री लिहीत राहिले. हिने मात्र पोराच्या शाळेच्या वहीत रोजचं खरं तापमान लिहून ठेवलं. तीस, बत्तीस, चौतीस. कुणी सांगितलं नव्हतं. तिचा भाऊ मेंढरं राखतो, ती त्याच घरातली. पुढे मेंढ्या दगावायला लागल्या तेव्हा ती वही ओढणीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली.

मी लक्षवेधी तयार केली. लक्षवेधी सूचना म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याला उभं करून उत्तर मागायचं. आमदाराने आधी लेखी द्यायची, खात्याने लेखी निवेदन द्यायचं, मग सभागृहात प्रश्न विचारायचे. मी तात्यांना एका पानाचं टिपण टाइप करून दिलं. तीन मुद्दे. पहिला मेंढ्यांचा, दुसरा वहीतल्या आकड्यांचा, तिसरा डीपीचा, म्हणजे गावच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा. मागे वहीची झेरॉक्स स्टेपल केली. वही कुणाची ते सांगायचं नाही, असं तात्यांचं आणि माझं ठरलं होतं.

आणि माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे, मी वहीच्या कव्हरचीही झेरॉक्स लावली. शाळेची वही ती. कव्हरवर लेबल. मुलीने ते नीट भरलेलं. स्वतःचं नाव, गाव, विषय. विषयापुढे लिहिलेलं, ‘फ्रीज’.

त्या दिवशी सकाळी खात्याचं निवेदन आलं. पावणेअकराच्या सुमारास तात्यांचा फोन. फोन स्पीकरवर होता, कारण माझ्या हातात चहा होता. मुलगी मी मागितलेली मूळ वही द्यायला आली होती, ती समोरच.

“मॅडम, निवेदन वाचलं का? फ्रीज ठणठणीत हाय म्हनं.”

“वाचलं. तात्या, तुम्ही तिसरा मुद्दा घ्या. डीपीचा.”

“डीपी ऱ्हाऊ द्या. मी वहीच काढतो. आन् नाव घेतो पोरीचं. नावानिशी पुरावा. मग बघू कोन खोटं म्हनतंय.”

“नाव नाही घ्यायचं. आपलं ठरलं होतं.”

“तवा ठरलं हुतं. आता ह्यांनी सरळ खोटं लिवलंय. आवं, पोरीनं एवढं धाडस केलं आन् तिचं नाव बी घ्यायचं न्हाई? ती काय चोर हाय व्हय?”

“तात्या, ऐका माझं...”

“बेल वाजली. आत जातो.”

फोन बंद.

तात्यांना दोष देऊन उपयोग नाही. आमच्या भागात नाव घेणं म्हणजे मान. सत्कार असो, लग्न असो, तालमीचं उद्घाटन असो, तात्यांनी माईक हातात घेतला की सरपंचापासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेणार. एकदा सोसायटीच्या व्हाइस चेअरमनचं नाव राहिलं, तर त्या माणसाने दोन वर्षं तात्यांना रामराम घातला नाही. तेव्हापासून तात्या कुणाला सोडत नाहीत. त्यांच्या लक्षात चेहरे राहतात, नावं नाहीत. नावं त्यांना कागदावर लागतात. त्या मुलीची त्यांची भेट एकदाच झालेली. मी कव्हर लावलं नसतं तर त्यांच्याकडे घ्यायला नावच नव्हतं.

मुलीने सगळं ऐकलं होतं.

“मॅडम, नाव नगं. उद्या मला कामावर घ्येनार न्हाईत. सासूला काय सांगू मी?”

“नाही घेणार ते,” मी म्हटलं. मला स्वतःलाच ते पटलं नव्हतं.

ड्रायव्हरला फोन लावला. तो पार्किंगमध्ये, त्याच्याकडे लॉबीचा पास नाही. पक्षाच्या कार्यालयात फोन केला. सभागृहात शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवता येते, तेवढी पाठवा म्हटलं. तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, आता लक्षवेधी सुरू होतील. प्रयत्न करतो.” प्रयत्न करतो म्हणजे काय, ते मी इतकी वर्षं सरकारी कचेरीत ऐकलेलं आहे.

तेवढ्यात एक नियम आठवला. जो माणूस सभागृहात येऊन खुलासा करू शकत नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. कुणी घेतलंच तर दुसरा सदस्य उभा राहून हरकतीचा मुद्दा मांडू शकतो, आणि मग सभापतींना निर्णय द्यावा लागतो. पण हरकत घेणार कोण? आमच्या बाजूचे घेणार नाहीत. घेणार ते समोरचे. आणि समोरच्या बाकावर होते सांगलीकडचे एक आमदार, ज्यांचं आणि तात्यांचं गेल्या कित्येक वर्षांत एका वाक्यावर एकमत झालेलं नाही.

त्यांचे पीए इनामदार. आम्ही दोघं साताऱ्याला एकाच क्लासमध्ये शॉर्टहँड शिकलो. पण शॉर्टहँड वेगळं आणि हे वेगळं. आपल्या साहेबाला अडवा, असं विरोधकाला सांगायचं म्हणजे या धंद्यात विश्वासघात. कळलं तर माझीही नोकरी जाणार आणि वर बदनामी. मी मुलीकडे पाहिलं. ती वही छातीशी धरून बसली होती. मी नंबर लावला.

“इनामदार, तुमचे साहेब आत आहेत?”

“आहेत. मी लॉबीत आहे. काय झालं?”

“आमचे तात्या लक्षवेधीवर उभे राहतील. एक वही दाखवतील. नाव घ्यायला लागले की तुमच्या साहेबांना हरकतीचा मुद्दा घ्यायला सांगा. बाहेरच्या माणसाचं नाव घेता येत नाही म्हणावं.”

तो म्हणाला, “बाई, शुद्धीवर आहात ना?”

“एका गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे. कोण, ते विचारू नका.”

“नाही विचारत. आमच्या साहेबांना तात्यांना अडवायला कारण लागत नाही. पण तात्या आरोप करणार की कौतुक? नियम आरोपांसाठी आहे.”

“कौतुक.”

“मग जरा कसरत आहे. बघतो.”

सभागृहाचं कामकाज आता लाइव्ह दिसतं. कॉम्प्युटर मुलीकडे वळवला. हे लाइव्ह खऱ्यापेक्षा थोडं मागे चालतं, अर्धा-पाऊण मिनिट. म्हणजे आपण बघतो तेव्हा तिथे होऊन गेलेलं असतं. हे मला माहीत होतं, मी तिला सांगितलं नाही.

तात्या उभे राहिले. पहिला मुद्दा चांगला मांडला. मेंढपाळाचं घर कळपावर कसं चालतं ते त्यांनी न वाचता सांगितलं, कारण ते त्यांनी पाहिलेलं आहे. मंत्र्यांनी निवेदनातलंच वाचून दाखवलं. तापमान योग्य, नोंदी योग्य, लस योग्य. तात्यांचा आवाज चढला. त्यांनी झेरॉक्स वर धरली.

“सभापती महोदय, ही वही बघा. रोजचं तापमान यात लिहिलंय. तीस, बत्तीस, चौतीस. ज्यांनी जिवाची पर्वा न करता ही लिहिली, त्यांचं नाव मी या सभागृहात अभिमानानं घेणार आहे.”

मुलीने ओढणी तोंडावर धरली. तात्या पानं उलटायला लागले. तेवढ्यात माझा फोन वाजला. इनामदार.

“झालं बाई. बघा तुम्ही.” आणि फोन ठेवला.

काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. स्क्रीनवर तात्या अजून खिशात चष्मा शोधत होते. त्या अर्ध्या मिनिटात मी देवाचं नाव घेतलं, एरवी घेत नाही. तात्यांनी चष्मा लावला. कव्हरचं पान वर आलं. तोंड उघडलं.

“हरकतीचा मुद्दा,” समोरून आवाज आला. “सभापती महोदय, जी व्यक्ती इथे येऊन खुलासा करू शकत नाही तिचं नाव घेता येत नाही.”

“मी आरोप न्हाई करत, कौतुक करतोय,” तात्या गरजले. सभागृहात जपलेली त्यांची शुद्ध भाषा तिथेच सुटली.

“कौतुक असो की आरोप. उद्या त्या व्यक्तीने म्हटलं की वही माझी नाही, तर?”

दोन्ही बाजू उठल्या. गोंधळ. सभापतींनी तात्यांचा माईक बंद केला. तात्यांचं तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. आत ते नाव बोलले की नाही, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. मुलीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

सभापतींनी निर्णय दिला. नाव घेऊ नये. निनावी वहीही पुरावा म्हणून घेता येणार नाही. सदस्यांचा दुसरा प्रश्न असेल तर विचारावा, नाहीतर पुढची लक्षवेधी.

मुलगी वाचली असेल, पण वही गेली, आणि वहीबरोबर विषयही. तात्या लाल झाले होते. खाली बसतात की काय असं वाटलं. मग त्यांनी झेरॉक्स बाकावर आपटली आणि टिपणाचं पान उचललं. ते डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलं.

“ठीक हाय. मंत्री महोदयांनी एवढंच सांगावं. त्या गावचा डीपी जळाला होता. अकरा दिवस सबंध गाव अंधारात. ग्रामपंचायतीनं वीज कार्यालयाला पत्र दिलं, त्याची पोच माझ्याकडं आहे. त्याच अकरा दिवसांत तुमच्या रजिस्टरमध्ये रोज चार डिग्री लिहिलंय. गावात वीजच नव्हती, तर तुमचा फ्रीज चालला कशावर?”

मंत्र्यांनी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी कागदांकडे. मग मंत्री उठले. चौकशी करू आणि सगळ्या कळपांना पुन्हा लस देऊ, म्हणाले. सभागृहात मंत्री ‘करू’ म्हणाला की त्याला आश्वासन म्हणतात, आणि ते पुरं झालं की नाही हे बघायला वेगळी समिती असते.

इनामदारचा परत फोन आला. “काळजी नको. आमचे साहेब एवढे ओरडले की शेजारच्या बाकावरही काही ऐकू गेलं नाही.”

मुलगी तेव्हा रडली. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

शनिवारी तात्या वडूजला आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

“मॅडम, त्या सांगलीवाल्याला माज्या मनातलं कसं काय कळलं?”

“मी सांगितलं.”

तात्यांनी ग्लास खाली ठेवला. “तुमी?”

“मीच. कव्हर लावलं ती चूक माझी. तुम्ही ऐकत नव्हता, फोन बंद, चिठ्ठी पोचेना. काढायचं असेल तर काढा मला. पण त्या पोरीची नोकरी एका फोनवर जाते तात्या, तुमची सहा वर्षांची आमदारकी जात नाही.”

ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, आता राजीनामा टाइप करायला सांगतात.

“आमच्यात नाव गाळनं म्हंजे अपमान,” ते म्हणाले. “मला वाटलं, पोरीचा मान होईल. तिला कुनी ईचारलं हुतं का, नाव घेऊ का म्हनून?”

“नाही.”

“तुमी बी न्हाई?”

“मीसुद्धा नाही.” खरंच मी विचारलं नव्हतं. नाव घ्यायचं नाही हे मी तिच्या वतीने ठरवलं, आणि घ्यायचं हे तात्यांनी. त्या सकाळपर्यंत तिचं म्हणणं दोघांनीही ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांची बदली झाली. वही कुणाची यावर गावात चर्चा झाली. दोन महिन्यांत रिटायर होणार असलेल्या ड्रेसरमामांनी ती नाकारली नाही, नुसते गालात हसायचे. लोकांनी काय ते समजून घेतलं. मामांचा रुबाब वाढला आणि मुलीच्या डोक्यावरचा संशय उतरला. मामांनी हे मुद्दाम केलं की नाही, मला आजही माहीत नाही.

ऑगस्टमध्ये गावात पुन्हा लसीकरण झालं. देवळासमोर कळप, माणसं, धूळ. तात्यांच्या हातात माईक आणि दुसऱ्या हातात कागद. सरपंच, नवे डॉक्टर, ड्रेसरमामा, मांडववाले, पाण्याचा टँकर आणणारा, सगळ्यांची नावं झाली. मुलगी मागे बर्फाच्या डब्यातून बाटल्या काढून देत होती. तात्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. ते थांबले. कागद खाली केला.

“आन् ज्यांचं नाव मी घेतलं न्हाई,” ते म्हणाले, “त्यांनी रागावू नये. त्यांना ईचारूनच गाळलंय.”

लोक हसले. कुणीतरी व्हाइस चेअरमनकडे बघितलं. मुलीने मान वर केली नाही, पण तिच्या हातातली बाटली क्षणभर थांबलेली मी पाहिली.

हल्ली मी झेरॉक्स काढताना कव्हर वगळते. मुलीने नवी वही घातली आहे, फ्रीजही नवा आहे, तरी ती रोज तापमान लिहिते. परवा दाखवायला आणली होती. लेबलावर विषय लिहिलाय, ‘फ्रीज’. नावाची ओळ कोरी आहे.