परबदादांचं नाव सर्व्हर सोडेना

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आणि कमेंटमध्ये 'कॅश क्लिअर केलीस का?' विचारणाऱ्यांनो — केली होती.

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. त्याला एक खोड होती... कुठल्याही नावाचं मेल आधी आत घ्यायचं आणि मग 'असा कोणी इथे नाही' म्हणून परत पाठवायचं. स्पॅमवाले पाठवणारा म्हणून दुसऱ्याचाच पत्ता टाकतात, त्यामुळे ती परतीची मेलं भलत्याच्याच माथी! शेवटी आम्हीच ब्लॅकलिस्ट झालो आणि पेशंटचे रिपोर्ट अडकले. उपाय सोपा — कामावर असलेल्यांचीच नावं सर्व्हरला द्यायची, बाकीच्यांना दारातूनच नकार.

परबदादांचं नाव काढताना मात्र हात अडखळला. आमचे जुने टेक्निशियन, गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पत्नी, शिवडीच्या वहिनी, अजून रोज संध्याकाळी त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल करतात, हे सर्व्हर बघताना माझ्या लक्षात आलं होतं. आता मशीन त्यांना सांगणार, असा कोणी नाही. फार वाईट वाटलं, पण नाव काढलं.

टेस्ट केली. खोटं नाव — दारातच नकार. परबदादा — आत घेतलं! सगळं पुन्हा तपासलं, सर्व्हर रीस्टार्ट केला... तेच. हे एक दार उघडं राहिलं तरी स्पॅमवाल्यांना पुरे होतं.

आमचे राणे डॉक्टर मागे उभे होते, मूळचे मालवणचे. "अरे, कावळो शिवणा नाय हा! काय तरी कबूल कर त्येका."

ते हसले, मला हसू येईना. बाबांच्या दहाव्याला बाणगंगेवर पिंडाला कावळा शिवत नव्हता. काकांनी माझ्या आईबद्दल 'वहिनीला आम्ही सांभाळू' म्हटलं, तेव्हा शिवला.

वेड्यासारखे स्क्रीनसमोर हात जोडले. "दादा, वहिनींना मशीनकडून कळणार नाही. मी आत्ता स्वतः जाऊन सांगतो."

पुन्हा टेस्ट — नकार. मधे मी कशालाही हात लावला नव्हता!

तसाच शिवडीला गेलो. वहिनींनी दार उघडलं, ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले.

"या भावोजी. आज त्यांना लिहायचं मनातच येईना बघा. दुपारपासून वाटतंय, कोणीतरी येणार... त्यांच्याकडनं."

दादांचा पत्ता बंद केल्याचं सांगितलं आणि मला तिथेच रडू फुटलं. समजूत वहिनींनीच माझी काढली.

त्या दिवसाच्या नोंदींचा सर्व्हरचा लॉग अजून उघडून बघतो. कारण सापडत नाही, तुम्हाला सुचलं तर सांगा. रविवारी शिवडीला चहाला जातो. उठताना 'जातो' म्हटलं की वहिनी रागावतात, 'येतो म्हणावं.' मग येतो म्हणतो, आणि पुढच्या रविवारी येतो.