ओवाळलेली भाकर

"इथंच खा. माझ्या डोळ्यापुढं."

मालकीणबाई उंबऱ्याच्या आतून बोलली आणि अंगणात माझ्यापुढं भाकर टाकली. वर दही, हळद, कुंकू. तापानं पडलेल्या तिच्या लेकावरून ती सात वेळा ओवाळली होती. मग त्याला भाकरीवर तीनदा थुंकायला लावलं होतं. थुंकी दह्यावर दिसत होती.

झरीकडचं आमचं गाव. मोगलाईचे, निजामाच्या राज्याचे दिवस. त्या साली मुदतीचा ताप आला. तिचा लेक पडला, मीही पडले. मी चौदा वर्षांची. त्याला परभणीहून डॉक्टर आला, मोसंब्या आल्या. मला मायनं कण्यांच्या पेजेवर जगवलं. एकवीस दिवसांनी उठले. डोक्यावरचे केस गेले होते, भिंत धरून चालत होते. तो मात्र उठेना.

ओवाळलेली भाकर खाणाऱ्यावर पीडा जाते, असं गाव मानायचं. म्हणून ती कुत्र्याला घालायचे, नाहीतर गावकुसाबाहेरच्या आम्हाला. या वेळी मीच हवी होते. मालकीणबाई मायला म्हणाली, "तुझी पोर एकदा उठली. अजून एकदा उठंल."

माझ्या मायनं रात्रंदिवस जागून मला उठवलं होतं, ते यांच्यासाठी!

माय कुजबुजली, "खा गं बाई. न्हाई तर खळ्यावरची आपल्या वाट्याची जवारी बंद करतेल."

तापातून उठलेल्या पोटाला भूक लय असते. भाकरीच्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्या थुंकीपेक्षा मला माझ्या तोंडातल्या त्या पाण्याची जास्त शिसारी आली.

मी भाकर उचलली. मायनं सुस्कारा सोडला. मी लटपटत पायऱ्या चढले आणि ती उंबऱ्याच्या आत ठेवली.

"तुमचा ताप तुमच्या घरात ठेवा. मी न्हाई पडणार."

"उंबरा बाटवला रांडनं!" बाई किंचाळली. शेण-गोमूत्राची धावपळ झाली.

वाटेत मायनं मला बडवलं, आणि मग तिथंच बसून रडली. बाईचा लेक डॉक्टरच्या औषधानं बरा झाला. सुगीत आम्हाला खळ्यावर उभं केलं नाही. ते साल आम्ही अंबाडीच्या भाजीवर काढलं.

आता लोक म्हणतात, झालं ते विसर, आता सगळं चांगलं झालंय. मी विसरणार नाही. माझ्या लेकींना मी ती थुंकी जेवायला बसल्यावरच सांगते. त्यांचा घास अडतो. त्यांना किळस येते.

यायलाच पाहिजे.