एकशे चाळीस फॉर्म

मीनाक्षी मेश्राम सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाल्या, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त होईना. दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी मंडळात कोणी "बरेच लोक आले होते" म्हटलं, की बाईंचं ठरलेलं, "बरेच म्हणजे किती?"

रविवारचा मराठी वर्ग चालू ठेवायचा की हॉल योगवाल्यांना द्यायचा, हे ठरवायला मंडळाने घरोघरी फॉर्म वाटले. मोजणी अर्थातच बाईंकडे आली. एकशे चाळीस फॉर्म. मुलांना वर्गाला पाठवाल का? हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन, उत्तरच नसेल तर नऊ. तीस वर्षांच्या सवयीने बाईंनी सगळं भराभर लॅपटॉपवर, ऑफिसात वापरायच्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये भरलं. टेबल सुटसुटीत दिसावं म्हणून दोन आणि त्यापुढचं सगळं एकत्र केलं, त्याला 'नाही' नाव दिलं, आणि सभेत वाचलं: हो तेहेतीस टक्के, नाही सदुसष्ट.

बारा वर्षं फुकट वर्ग घेणारी उत्तरा कळवळली. "अगं, माझ्याकडे आया मुलांची नावं नोंदवायला येतात!"

"रडगाणं नको, उत्तरा. टेबल बघ."

वर्ग बंद झाला.

पंधरा दिवसांनी बाईंची भाची उन्नती हे सॉफ्टवेअर शिकायला आली. ती दिल्लीतच मुनिरक्यात खोली घेऊन पीएचडी करते. तिने सरावासाठी तीच फाइल घेतली आणि काही एकत्र न करता साधं टेबल काढलं.

"मावशी, हे नऊ काय आहे यार? एकाहत्तर जण?"

"उत्तर न दिलेले गं. घरात लहान मूलच नाही, ते काय लिहिणार? नऊ आपोआप वगळले जातात..."

बोलता बोलता बाई थांबल्या. ऑफिसच्या तयार फाइलीत नऊ वगळायची सूचना आधीच घातलेली असायची. इथे ती त्यांनीच घालायची होती. आणि नऊ दोनच्या पुढे येतात, हे पहिलीतलं पोरही सांगेल! उत्तरं दिलेली एकोणसत्तर घरं, त्यांत तेवीस 'नाही' आणि शेहेचाळीस 'हो'. सदुसष्ट टक्के 'हो'.

भाचीच्या देखत त्यांनी फोन लावला, आणि तोंडातून निघालं काय? "उत्तरा, त्या सॉफ्टवेअरने घोळ केला गं."

"जाऊ दे. मशीनच ते. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

उन्नती मान खाली घालून बसली होती. उत्तराने चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

"मशीनने नाही. मी केला. आणि आत्ता खोटं बोलले, तेही मीच."

उत्तराचा आवाज आला, अगदी कोरडा. "तुझ्या टेबलावर विश्वास ठेवून मी त्या आयांना सांगितलं, बाकी कुणाला वर्ग नकोच आहे. आता मी फोन करायची नाही. तू कर, एकेकीला. मंडळाच्या सेक्रेटरींनाही तूच सांग."

सतरा नंबरांची यादी आली. बाईंनी चष्मा चढवला आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो, कौन?"

"मी मीनाक्षी मेश्राम. तुमच्या मुलाचा मराठी वर्ग माझ्या चुकीने बंद झाला. तेच सांगायला फोन केलाय."