एरंडेलाचा ब्रेक

गाडी चालवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण गाडी थांबवण्यासाठी इतकी तपश्चर्या करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. सासरे अमरावतीचे भिक्षुक. भिक्षुकानं मोटार बाळगावी हे तेव्हा अमरावतीला पचलं नव्हतं, आणि अकोल्याला मी ज्या शाळेत मास्तर होतो तिथं तर सगळे मला विचारायचे, "काय मास्तर, आंदणात एखादं चाक तरी मिळालं का?" सासऱ्यांचं म्हणणं मात्र साधं होतं. सकाळचं लग्न अमरावतीत आणि गोरज मुहूर्त अकोटला, असं एकाच दिवशी आलं तर करायचं काय? "मुहूर्त आपल्यासाठी थांबत नसते अन् बैलाले ते समजत नसते," असं म्हणून त्यांनी अकोटच्या एका कापसाच्या जिनवाल्याची कॅनव्हासच्या टपाची जुनी मोटार घेतली.

त्या मोटारीला त्यांनी आपले सगळे आचार शिकवले. रोज बॉनेटवर कुंकू, सुकाणूच्या चाकाला दर्भाची गाठ, मागच्या बाकावर समिधांचा भारा, पाट आणि नारळांची पिशवी, आणि स्वतः अनवाणी. राहुकाळात इंजिन चालू करायचं नाही. लग्नघरातून निघताना गाडी मागे घ्यायची नाही, कारण शुभकार्याच्या दारातून उलटं फिरणं वाईट. एकदा भातकुलीला मांडवापुढची गल्ली नेमकी एका गोठ्यात संपत होती. सासरे खाली उतरून स्वस्थ उभे राहिले. शेवटी नवऱ्या मुलाचे दोन मामे आणि चार वऱ्हाडी फेटे सावरत गाडी उचलून वळवायला लागले, तेव्हा सासरे त्यांच्यावर अक्षता टाकत होते. एक मामा कमरेतून वाकला तो मुलीच्या पाठवणीलाच सरळ झाला.

गाडी पळायची झकास, थांबायची मात्र देवाच्या मर्जीनं. ब्रेक लोखंडी सळ्यांचे होते; पायडल दाबलं की खालून नुसता कण्हल्यासारखा आवाज यायचा. लग्नघरची माणसं मांडवाच्या पुढे सरकीची पोती रचून ठेवायची आणि पोरं ओरडायची, "गुरुजी आले, बाजूले व्हा!" सासऱ्यांना यात मानच वाटायचा. पण एके दिवशी त्यांनी हौसेनं सासूबाईंना शेजारी बसवून अंबादेवीच्या दर्शनाला नेलं. गाडी देवळापाशी आली, देवळावरून पुढे गेली, फुलवाल्यांवरून पुढे गेली आणि एका माळणीच्या वांग्यांच्या ढिगात जाऊन विसावली. सासूबाई उतरल्या. चेंगरलेली सगळी वांगी पदरात घेतली, माळणीची समजूत काढली आणि पायी घरी आल्या. घरात चार दिवस वांग्याचीच भाजी होती. पाचव्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "ज्या गाडीले देवीसमोर थांबता येत नाही, तिच्यात मी बसत नाही."

सासूबाईंचा शब्द म्हणजे शब्द. सोवळ्याओवळ्यातही त्या सासऱ्यांपेक्षा दोन पायऱ्या वर. त्यानंतर कुठं लग्नाला जायचं तर त्या टांग्यात आणि सासरे मागून मोटारीत, टांग्याच्या चालीनं, धूळ खात. मी एकदा म्हटलं, पुढे निघून जा की. तर म्हणाले, "अन् ती एकटी उतरन?"

मग दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. टांग्याची पायरी चढवेना, प्रवासी सर्व्हिस मोटारीतले धक्के सोसवेनात. नेमकी त्याच वर्षी अचलपूरला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली. तिचा निरोप आला की डोळे मिटायच्या आधी एकदा येऊन जा. आता घरची मोटार सोडून दुसरा उपाय नव्हता, आणि मोटारीचं नाव काढलं की सासूबाई वाती वळायला बसायच्या. सासऱ्यांना जेवण जाईना. एक दिवस ते एका मोडक्या लष्करी गाडीचे तेलाचे ब्रेक घेऊन आले आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला म्हणाले, "हे माझ्या गाडीले बसव. पाहिजे तिथं थांबली पायजे."

मिस्त्रीनं आठ दिवस खपून सळ्या काढल्या, नळ्या बसवल्या आणि सांगितलं की यात कंपनीचं तेल लागतं; ते एरंडेलात स्पिरिट घालून करतात. सासऱ्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे दारू?"

"दारूच म्हना," मिस्त्री म्हणाला. "पन गाडी पिऊन राह्यली गुरुजी, तुमी थोडीच?"

"माझ्या देवाचं सामान त्या गाडीत असते."

त्यांनी यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी शास्त्रार्थ मांडला: एरंडेल चालतं, स्पिरिट चालत नाही; तेव्हा नुसतं एरंडेल घालावं. शिवाय मिस्त्री सारखा म्हणतो की नळीत हवा अडकते, तर वायूवर एरंडेलासारखं औषध दुसरं आहे कुठं? घरातल्या बरणीतलं शुद्ध एरंडेल त्यांनी संध्येच्या पळीनं, सोवळ्यात, ब्रेकच्या डब्यात घातलं.

मी दिवाळीच्या सुट्टीत सासुरवाडीला गेलो तेव्हा हा प्रकार ऐन रंगात होता. जाड एरंडेलात बुडबुडे असे अडकून बसले होते की पायडल एका दमात थेट तळाला जायचं. तीनदा दाबून काढलं की चौथ्यांदा कुठं काहीतरी पायाला लागायचं. सासऱ्यांनी त्यावर आचमनाचा हिशेब बसवला. "केशवाय नमः" म्हणून एक दाब, "नारायणाय नमः" दुसरा, "माधवाय नमः" तिसरा, आणि "गोविंदाय नमः"ला गाडी थांबायची. त्यांना एवढ्या लांबून नाव घेत येताना पाहून लोक रस्त्यात हात जोडायचे. मी शेजारी बसून मनातल्या मनात गोविंदापर्यंत पोचायची घाई करत असे. सासूबाईंनी मात्र उभ्या गाडीत वाकून पायडल हातानं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर सैल भिजलेल्या कणकेवानी हाय." आणि घरात निघून गेल्या. त्या दिवशी अचलपूरहून दुसरा निरोप आला होता.

सासऱ्यांनी मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. "एरंडेल आहे तोवर हवा निघत नाही," मिस्त्री म्हणाला. "कंपनीचं टाका. मीबी पीत नाही गुरुजी. हात धुतो अन् घरी नमाजले जातो." सासऱ्यांनी त्याच्याकडून हवा काढायची रीत तेवढी विचारून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आत लवंडल्या होत्या. सासऱ्यांनी मला खुणेनं मागच्या अंगणात नेलं. जुना पंचा नेसले होते, हातात ओल्या धोतरात गुंडाळलेला कंपनीच्या तेलाचा डबा. मी मदतीला हात पुढे केला तर दटावून म्हणाले, "हात नका लावू जावईबापू. पाप माझं एकट्याचं. तुमी फक्त पाय चालवा." मग सगळं एरंडेल काढून टाकलं आणि चेहरा बाजूला वळवून ते तेल स्वतःच्या हातानं ओतलं. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात झाली. चाकामागच्या हवा सोडायच्या निपलला रबरी नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात, आणि सासरे तिथं मातीत फतकल मारून. "दाबा!" मी दाबलं की ते निपल सैल करायचे, बाटलीत बुडबुडे फुटायचे. "धरून ठेवा!" निपल घट्ट. "सोडा!" हीच ओरड चारी चाकांना, ब्रेकच्या डब्यातलं तेल कमी होईल तसं वरून घालत. माझी पोटरी भरून आली. शेवटच्या चाकाला बुडबुडे संपले, आणि माझ्या पायाखाली पायडल एकदम दगडासारखं झालं. मी ओरडलो. सासऱ्यांनी मला उठवून स्वतः दाबून पाहिलं. एकदाच दाबलं, आणि पाय तसाच ठेवून बसून राहिले.

मग विहिरीवर आंघोळ, आत जाऊन पुन्हा गरम पाण्याची आंघोळ, नवं जानवं, पंचगव्य. आणि मला ताकीद, "तिले सांगू नका. समजलं तर बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी दोनदा गल्लीच्या टोकाशी नेऊन जागच्या जागी थांबवून दाखवली. सासूबाई उंबऱ्यातून पाहत होत्या. त्या आल्या, माझ्या खांद्याचा आधार घेऊन पुढच्या बाकावर बसल्या. मी मागे समिधांशेजारी. इंजिन चालू झालं, पण गाडी हलेना. सासरे दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत होते. जन्मभर खरं बोललेला माणूस. एक खोटं घेऊन अचलपूरपर्यंत जाणं त्यांच्यानं होईना. शेवटी म्हणाले, "अवो, त्यात ते हाय. स्पिरिटवालं. मीच टाकलं. उतरायचं असन तर उतरा."

अचलपूर संपलं असं मी धरून चाललो.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "काल दुसऱ्या आंघोळीचं पाणी चुलीवर कोनं ठेवलं होतं? नवं जानवं पाटावर कोनं काढून ठेवलं होतं?" आणि थोड्या वेळानं, समोर बघतच, "चला आता. अक्का वाट पाहून राह्यली असन."

सासऱ्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि गाडी काढली. अचलपूरपर्यंत रस्त्यात गुरं आडवी आली, बैलगाडी आली, फाटक लागलं की ते हळूच पाय ठेवायचे, गाडी थांबायची आणि ते चोरून सासूबाईंकडे बघायचे. दोघी बहिणी तीन दिवस हातात हात घेऊन बसल्या. चौथ्या दिवशी आम्ही परतलो आणि महिन्याभरात अक्का गेल्या. सासूबाईंनी त्याबद्दल सासऱ्यांचे आभार कधी मानले नाहीत. तशी पद्धतच नव्हती. त्या नुसत्या दर अमावास्येला स्वतःहून गाडीत बसून देवीला जाऊ लागल्या.

पुढे सात-आठ वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यानंतर सासरे लग्नं लावायला पुन्हा टांग्यानं जायला लागले. गाडी धडधाकट होती, ब्रेक तर पहिल्या दिवसाइतकेच कडक. मला राहवलं नाही. मी विचारलं, मोटार काहून काढत नाही आता? ते ओसरीवर दर्भ निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आता थांबवून दाखवू कोनाले, जावईबापू?" मी त्यांच्याजवळ बसून दर्भ निवडू लागलो.