पिस्तुलाला सायलेन्सर मागितला त्याची गोष्ट

मंडळी, आज शूटिंग रेंजवर माझी पार शोभा झाली, तरी मी जाम खुश आहे.

कॉलेज सोडल्यापासून मी पॉइंट टू टू पिस्तुलाची नेमबाजी शिकतोय. शेजारच्या लेनमध्ये सायली असते. तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून मी मोठे इअरमफ लावतच नाही, कानात नुसते कापसाचे बोळे. मग प्रत्येक आवाजाला दचकतो आणि गोळी भलतीकडेच. आज सर म्हणाले, "सुधारला नाहीस तर सकाळच्या बॅचला टाकीन."

म्हणजे सायली गेलीच! माझं डोकं फिरलं. "सर, आवाजच फार आहे. सायलेन्सर बसवतो, कुठला घेऊ सांगा!"

"आपण नेमबाजी शिकताय की सुपारी घेतलीये? त्याला परवानगी नाही. तुरुंगात मात्र छान शांतता असते."

सगळे हसले. सायलीने तिचे जादाचे मफ माझ्या डोक्यावर चढवले. "घाल गपचूप. बोलायचं ते नंतर चहाला बोलू."

दहापैकी आठ गोळ्या निशाणाच्या काळ्या वर्तुळात! बॅच वाचली.

चहाला ती अर्धा तास बोलली, फक्त ट्रिगर कसा दाबायचा यावर. उद्याही बोलावलंय.

खरं सांगा, ह्याला प्रेम म्हणायचं की कोचिंग?