हवालदाराच्या जिवावरचा नायब

कुलपं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली ‘नायब’ म्हणायची. बायकोसुद्धा! हवालदार कसा, सरकारने नेमलेला, शपथ घेतलेला, छातीवर बिल्ला. आणि नायब? हवालदाराने चार माणसांत खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, ‘हा माझा माणूस,’ की झाला नायब. पगार नाही न काही नाही. पण हवालदाराच्या नावाने तो कुणालाही कोठडीत टाकू शकायचा. मेख एकच: हवालदार आहे तोवर नायब. हवालदाराने डोळे मिटले की त्याच क्षणी हा नुसता कुलपवाला.

अर्धं आयुष्य त्याने ह्या लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. दारुड्यांना घरी पोचवलं, भांडणं सोडवली, शिव्या खाल्ल्या. आणि पोटची पोर मागच्या गल्लीत नवऱ्याचा मार खायची, तिथे मात्र ह्याचे हात बांधलेले! बाईने स्वतः तक्रार केल्याशिवाय घरात शिरायचं नाही, असा नियम. पोरीला विचारावं तर म्हणायची, ‘पडले, बाबा.’ किती वेळा पडावं हो माणसाने?

एका दुपारी ती दुकानात आली. ओठ फाटलेला. फळीला टेकून म्हणाली, “बाबा, धरा त्याला. मी कोर्टात साहेबांपुढे सांगते.”

नायबाने हातातली कानस खाली ठेवली. आनंद झाला म्हणायचं की रडू आलं, त्याचं त्यालाच कळेना. तो आधी आजारी हवालदाराच्या घरी जाऊन आला, कारण त्यांना विचारल्याशिवाय त्याने कधी पाऊल उचललं नव्हतं. मग जावयाच्या मटणाच्या दुकानात शिरला आणि त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं.

“सासरेबुवा, महागात पडेल,” जावई म्हणाला. पण गेला कोठडीत.

संध्याकाळी कळलं, हवालदार गेले.

सकाळी कोर्टात जावयाच्या वकिलाने एकच विचारलं: याला धरलं तेव्हा हवालदार जिवंत होते का? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. हवालदाराची बायको दिवसभर बाहेर होती. नायबाला वाटलं, आपण परस्पर केलं असं म्हणतायत. तो तडक पुढे झाला.

“साहेब, मी विचारायला गेलो होतो! झोपले होते. दोनदा हाक मारली. अंगाला हात लावला तर गारठलेले, म्हणून पांघरूण घातलं. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्यांना.”

साहेबांनी चष्मा काढला. “अंग गार होतं?”

“अगदी गार, साहेब.”

बोलता बोलताच त्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा! धोंडा पाडून घेतला, आणि तोही स्वतःच्या नाही, पोरीच्या पायावर!

“मग तुम्हाला अधिकारच नव्हता,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “सोडा त्याला. बाईंनी नव्या हवालदाराकडे तक्रार द्यावी.”

नवा हवालदार कधी नेमणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“घरी चल आपल्या,” नायबाने पोरीचा हात धरला.

“पोरं त्याच्या आईकडे आहेत, बाबा,” ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

जावई तिला पुढे घालून निघाला. दार अरुंद, आणि दारात सासरा उभा.

“वाट द्या, सासरेबुवा.”

अडवायचं तर आता कुणाच्या नावाने? नायब बाजूला झाला.