इझमिरचं बजेट आणि तीनशे माणसांचं गोड

कणीक मळून झाकून ठेवली होती, वॉशिंग मशीन फिरत होतं आणि मी पिवळ्या झाकणाचा बिन ओढत फुटपाथपर्यंत आणला होता. घरातून रेडिओ ऐकू येत होता. देशाच्या सीमा उघडणार, असं बातम्यांत सांगितलं. मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या आमच्या रिकाम्या गल्लीत बिनचा दांडा धरून मी दोन मिनिटं उभी राहिले आणि ठरवलं, टर्कीला जायचं. इझमिरला.

सुधीर, माझा नवरा, त्याच्या तीन महिने आधी गेला होता, लॉकडाउनमध्ये. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी. आमची मुलगी मीरा सिडनीला, गिरावीनमध्ये. तिने लॅपटॉपवर पाहिलं. तेराव्याला घरात कुणी येऊ शकत नव्हतं. मी सवयीने पातेलंभर खीर केली आणि तीन दिवस एकटीने संपवली. त्याच्या नावाने चार माणसं जेवली नाहीत, हे मनातून जात नव्हतं.

इझमिर का? माझं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. पुढचं सगळं लायब्ररीतून शिकले. लॉकडाउनमध्ये इफेसस या प्राचीन शहराबद्दल वाचलं. तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लायब्ररीची दर्शनी भिंत अजून उभी आहे, आणि इझमिरहून ते ट्रेनने दीड तासावर आहे.

"आई, सीरियसली? एकटी?" मीरा म्हणाली.

"दोघांचं तिकीट कुणाच्या नावाने काढू?"

"दॅट्स नॉट फनी."

"मी कुठे हसतेय?"

चाइल्डकेअरच्या स्वयंपाकघरात मी नोकरी करते, त्यामुळे खर्च आधी कागदावर मांडणं भाग होतं. मे महिन्याचं विमान अठराशे पन्नास डॉलर. व्हिसा ऑनलाइन. कोविडसकट इन्शुरन्स, तो टाळू नका. स्टेशनजवळचं साधं हॉटेल नाश्त्यासकट रोज पंचेचाळीस. खाण्या-फिरण्याला दिवसाला तीस. पामुक्कालेच्या पांढऱ्या डोंगराच्या टूरला दीडशे, अडीअडचणीला दोनशे. एक सल्ला देते: जुन्या ब्लॉगमधले लिराचे, म्हणजे तिथल्या चलनाचे, आकडे उतरवून घेऊ नका. मी घेतले होते. लिरा इतका घसरला होता की तिथे पोचल्यावर एकही भाव जुळेना. बजेट डॉलरमध्येच करा.

विमानतळावरून शहरात ट्रेन येते. एकच कार्ड ट्रेन, ट्राम आणि खाडीतल्या बोटीलाही चालतं. सकाळी तीळ लावलेली पावाची गोल कडी आणि चहा, की दुपारपर्यंत भूक नाही. तिसऱ्या दिवशी इफेसस पाहिलं. त्या भिंतीसमोर तासभर बसले. एका गाइडने विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "खूप."

चौथ्या दिवशी पलीकडच्या काठावर बोटीतून उतरले तर रांग दिसली. एका गाडीत मोठ्या कढईत लहान लहान गोळे तळत होते आणि पाकात बुडवून कागदी वाटीतून देत होते. लोकमा म्हणतात त्याला. माझा नंबर आला, मी वीस लिरा पुढे केले. माणसाने नकारार्थी मान हलवली. मी आणखी वीस काढले. मागच्या बाई हसल्या.

"आत ठेव ते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "कुणाचे तरी वडील वारलेत. त्यांच्या नावाने घरचे वाटतायत. खा आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कर."

वाटी हातात धरून मी तिथेच रडले. त्या बाई म्हणजे नेस्रिनबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला बाकावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला गोड आवडायचं?"

"डायबेटिस होता, तरी चोरून खायचा."

"मग आता कोण अडवतंय?"

त्यांनीच गाडीवाल्याला विचारलं. तीनशे माणसांचे पंधराशे लिरा, म्हणजे साधारण एकशे चाळीस डॉलर. अडीअडचणीच्या पैशांना हात लावणार नाही, असं मीराला वचन दिलं होतं. मी पामुक्काले रद्द केलं.

दोन दिवसांनी त्याच धक्क्यावर गाडी आली. पाटीवर सुधीरचं नाव होतं. वाट्या मी स्वतः दिल्या. बोटीतून उतरणारी माणसं, पोलीस, शाळेच्या मुली, सगळे "अल्लाह कबूल करो" अशा अर्थाचं काहीतरी म्हणत होते. एका आजोबांनी नेस्रिनबाईंमार्फत विचारलं, "ऑस्ट्रेलियाहून आली? तिकडे खायला माणसं नव्हती?"

"होती," मी म्हटलं. "घरात यायला बंदी होती."

त्यांनी रिकामी वाटी पुढे केली. मग म्हणाले, "दे, अजून एक दे."

व्हिडिओ कॉलवर मी मीराला पाटी आणि कढई दाखवली. "आई, पण हे आपलं थोडीच आहे?"

"तळलेलं आहे, पाकातलं आहे आणि तुझ्या बाबाच्या नावाचं आहे."

"बाबाला आवडलं असतं," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

एकूण खर्च तीन हजारांच्या आत बसला. पामुक्काले राहिलं, त्याचं वाईट वाटत नाही. ज्या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या तीनशे जणांनी त्याच्या नावाने तोंड गोड केलं. त्यांचे आभार मानायला माझ्याकडे पत्ता नाही, म्हणून इथे लिहिते.

शनिवारी मेलबर्नला उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंत्यविधीच्या त्या दहांत ज्यांचा नंबर लागला नव्हता त्या त्याच्या मित्रांना मी फोन केले आणि दुपारी सगळ्यांना जेवायला वाढलं.